सायकल की क्लाइंबिंग? रविवार एकच आणि खिसाही छोटाच

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आठवड्याला मोकळे म्हणावेत असे सहा तास होते, हातात पैसे बेताचे, आणि डोक्यात दोन खूळं, रोड सायकलिंग आणि रॉक क्लाइंबिंग. दोन्ही करू म्हटलं आणि वर्षभर दोन्हींपैकी एकही धड झालं नाही. आता नवीन कोणी विचारलं की आधी काय घेऊ, तर मी उलट विचारते, तुझ्याबरोबर कोण आहे?

कारण दोरावरचं क्लाइंबिंग एकट्याचं नाहीच, तुम्ही चढताय तेव्हा खाली कोणीतरी बिले देत, म्हणजे पडलात तर झेलायला दोर सांभाळत, उभं असतं, मग तुम्ही त्याच्यासाठी उभं राहायचं. बोल्डरिंगला, म्हणजे कमी उंचीचे दगड चढायला, दोर लागत नाही, पण खाली क्रॅश पॅड म्हणजे जाड गादी आणि पडताना सांभाळणारं माणूस तिथेही हवंच. माझी पार्टनर दर दुसऱ्या रविवारी "आज नाही गं जमत" म्हणायची, तिचीही चूक नव्हती, मूल लहान होतं. एकदा मी घड्याळ लावूनच बघितलं. घरातून निघून परत येईपर्यंत 9 तास, आणि त्यात दगडाला हात लागला तो जेमतेम 50 मिनिटं! बाकी प्रवास, अँकर लावणं म्हणजे दोर वर पक्का बांधणं, बिले आणि गप्पा. गप्पा मला आवडतात म्हणा, पण सहा तासांच्या आठवड्यात नऊ तास आणायचे कुठून.

सायकलचं तसं नाही, दारातून बाहेर पडलं की चालू. पहाटे दीड तास मिळाला तर दीड तास पूर्ण वसूल.

पैशाचं गणित मात्र बरोबर उलटं निघालं. क्लाइंबिंगला सुरुवातीला स्वतःचं म्हणजे शूज, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि हाताला लावायच्या पावडरीची चॉक बॅग, एवढंच. दोर आणि तो कड्याला अडकवायचे क्विकड्रॉ ग्रुपमधल्या जुन्या मंडळींकडे असतात. सायकलला एकदम मोठी रक्कम जाते. म्हणून मी सायकल सेकंडहँड घेतली, ते ठीकच झालं, पण त्याच जोशात क्लाइंबिंगचा दोरही सेकंडहँड घेतला, आणि तो शुद्ध गाढवपणा होता. ग्रुपमधल्या एका दादाने हातात घेऊन एवढंच विचारलं, "हा आधी कुठे होता?" मला काय माहीत! चढणारे सुटून पडल्याचे किती मोठे फॉल झेललेत, उन्हात किती पडला होता, बॅटरीचं ॲसिड लागलंय का, यातलं बरंचसं बघून कळत नाही, नायलॉन वरून चांगलं दिसतं आणि आतून गेलेलं असतं. दोर आणि हार्नेस नवीनच घ्यायचे, बास. माझ्या दोरावर आता कपडे वाळतात.

जुन्या सायकलची निदान तपासणी करता येते. फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का बघा, मग चेनला पट्टी लावा. नवीन चेनमध्ये एका पिनेपासून पुढची 24 वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. 1/16 इंच वाढली असेल तर चेन बदलायला आली, 1/8 वाढली असेल तर मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, म्हणजे कॅसेटही, गेली समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. मी हे घेतल्यावर शिकले, अर्थातच.

आणि शरीराचाही खर्च धरा. क्लाइंबिंगमध्ये दंड दोन-तीन महिन्यांत भरतात पण बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोरे, फार सावकाश तयार होतात, म्हणून नवीन माणूस जोर आहे म्हणून लटकतो आणि बोट दुखावून घरी बसतो, पहिल्या वर्षी हँगबोर्डच्या, म्हणजे बोटांनी लटकायच्या फळीच्या, नादी लागू नका. सायकलवर गुडघे बोलतात, तेही बऱ्याचदा सीट खाली असल्यामुळे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, ही सुरुवातीची ढोबळ उंची.

शेवटी मी सायकल धरली. ध्येय असलं की उठवतं म्हणून ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, नाव दिलं, 200 किलोमीटर, साडेतेरा तासांत. वीस मिनिटं राखून पोचले, त्यातली शेवटची चाळीस किलोमीटर स्वतःला शिव्या घालत.

क्लाइंबिंगचे शूज विकले नाहीत, कपाटात आहेत. मागच्या आठवड्यात पार्टनरचा फोन आला, मुलगा आता शाळेत जातो, रविवार मोकळा आहे का म्हणे. मी म्हटलं, अगं, 300 ची तयारी चाललीये, शनिवारी दुपारी येतेस का?