स्वनविज्ञान शिकताना या चुका टाळा

मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, हे शाळेत इतक्यांदा ऐकलेलं असतं की भाषाविज्ञानाच्या वर्गात येताना विद्यार्थी ते सोबत घेऊनच येतो. मग एखादं बोललेलं वाक्य ध्वनिलिपीत (दर ध्वनीला वेगळं चिन्ह देणाऱ्या लिपीत) उतरवायला सांगितलं की तो ते आधी मनातल्या मनात देवनागरीत लिहितो आणि एकेका अक्षराला एकेक चिन्ह चिकटवत जातो. कानाने काही ऐकलेलंच नसतं. मुंबईत इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचीही गत तीच, फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे स्पेलिंग असतं. पहिल्या सत्रातल्या बहुतेक चुका इथून निघतात, आणि म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं एकाच सवयीवर औषध आहे.

एकच 'च' समजू नका

हार्बर लाइनवर चुनाभट्टी आणि चेंबूर ही स्टेशनं जवळजवळच आहेत. पाटीवर दोन्हींचा 'च' सारखा. आता दोन्ही नावं म्हणा, पण 'च' सुटतानाचा क्षण मुद्दाम ताणा. 'चुना'मध्ये 'त्स्स्स' असं घासणं ऐकू येतं आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे असतं. 'चेंबूर'मध्ये 'त्श्श्श' ऐकू येतं आणि जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढलेला असतो. हे दोन वेगळे ध्वनी आहेत. ध्वनिलिपीत दोन्हींना एकच चिन्ह दिलं असेल तर ते पाटी वाचून दिलेलं आहे.

इथवर बहुतेकांना पटतं. खरी गडबड पुढच्या प्रश्नाला होते: हे दोन स्वनिम (म्हणजे अर्थ बदलू शकणारे ध्वनी) की एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरं (म्हणजे जागेनुसार बदलणारी, पण अर्थ न बदलणारी रूपं)? एक गट 'माझा' आणि 'माझी' घेऊन येतो. 'माझा'तला 'झ' दातांजवळचा, 'माझी' आणि 'माझ्या'मधला तालव्य. म्हणजे पुढे इ, ए किंवा य आला की ध्वनी टाळूकडे सरकतो. नियम सापडला, स्वनांतरं ठरली, पेपर संपला. दुसरा गट 'जग' घेऊन येतो. 'हे जग सुंदर आहे' यातलं 'जग' आणि 'सुखाने जग' यातलं 'जग' म्हणून पाहा. लिहायला तंतोतंत एक, उच्चारात फक्त 'ज' वेगळा, आणि अर्थ वेगळा. आकडा असलेला 'चार' आणि 'गाईला गवत चार'मधला 'चार', तेही तसंच. न्यूनतम युग्म (एकाच ध्वनीने वेगळी पडणारी शब्दांची जोडी) मिळालं, स्वनिम दोन, पेपर संपला.

दोन्ही गटांनी अर्धीच सामग्री पाहिली. मराठीत हे दोन वेगळे स्वनिम आहेत, पण इ, ए, य यांच्याआधी त्यांच्यातला विरोध मावळतो आणि तिथे तालव्यच उरतो. 'चर्चगेट', 'चॉकलेट' असे शब्द या निष्कर्षाला आणखी बळ देतात, कारण तिथे पुढे इ-ए नसतानाही 'च' तालव्यच राहतो. उत्तरात विरोध कुठे आहे आणि कुठे नाही, हे दोन्ही आलं पाहिजे. परीक्षेत गुण जातात ते बहुधा दुसरं वाक्य न लिहिल्यामुळे.

स्वनांतराचं उदाहरण इंग्रजीतून उसनं आणू नका

पाठ्यपुस्तकं इंग्रजी, त्यामुळे स्वनांतर म्हटलं की सगळे 'पिन' आणि 'स्पिन' लिहितात. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवेच्या झोतासह सुटतो (याला महाप्राणत्व म्हणतात), 'स'नंतरचा तसा सुटत नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. पण हाच फरक मराठीत 'पळ' आणि 'फळ' यांचा अर्थ बदलतो. ध्वनींमधला फरक तोच, पण एका भाषेत स्वनांतर आणि दुसरीत स्वनिम. 'महाप्राणत्व हे स्वनांतराचं लक्षण आहे' असं सरसकट वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की समजावं, इंग्रजीच्या नोट्स पाठ केल्यात. (आणि हो, मुंबईत 'फळ'मधला 'फ' दात ओठावर टेकवून, 'फॅन'सारखा म्हणणारे आता भरपूर आहेत. तुमचा बोलणारा कोणता 'फ' म्हणतो ते ऐकून लिहा.)

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर वडा आणि डबा आहेत. 'डबा' म्हणताना जीभ मूर्धन्य जागी, म्हणजे मागे वळून टाळूला टेकते, क्षणभर हवा अडवते आणि मग सुटते. 'वडा' म्हणताना ती तिथे नीट टेकतच नाही, मागून पुढे फटकारा मारून जाते. हिंदीत या दुसऱ्यासाठी 'ड'खाली टिंब देतात. आपण देत नाही, म्हणून तो आपल्याला ऐकूही येत नाही. आता 'अंडं' आणि 'अड्डा' म्हणा, तिथे जीभ पुन्हा पक्की टेकते. म्हणजे शब्दाच्या आरंभी, अनुनासिकानंतर आणि द्वित्तात ('ड्ड'सारख्या जोडीत) स्पर्श, म्हणजे हवा अडवून सोडणं, दोन स्वरांच्या मध्ये फटकारा. एक जिथे येतो तिथे दुसरा येत नाही, दोन्हींची जात एक, आणि अदलाबदल केली तर 'वडा' थोडा विचित्र वाटेल पण वडाच राहील. जागांच्या अशा वाटणीला पूरक विनियोग म्हणतात, आणि तो याहून स्वच्छ दाखवता येत नाही. 'रेडिओ'सारख्या उसन्या शब्दात काहीजण दोन स्वरांच्या मध्येही पक्का 'ड' म्हणतात, ती नोंद तळाशी केलीत तर तपासणारा खूश होईल.

'न्यूनतम युग्म सापडलं नाही, म्हणजे स्वनांतर' हा तर्कही पुरेसा नाही. शोधायचा कंटाळा केला, एवढंच त्यातून कधीकधी सिद्ध होतं. 'ळ' मराठीत शब्दाच्या आरंभी येत नाही, म्हणून एखादा तो 'ल'चाच प्रकार ठरवून मोकळा होतो. 'गाल' आणि 'गाळ', 'वेल' आणि 'वेळ' बाजूलाच उभे असतात.

टिंब दिसलं की नाकात बोलू नका

अनुस्वार हा एक ध्वनी आहे असं धरलं की सगळं बिघडतं. 'अंक' म्हणता म्हणता 'क'च्या आधी थांबा: जिभेचा मागचा भाग वर चिकटलेला असतो. 'दंत'ला थांबा: टोक दातांवर. 'खंड'ला टोक मागे वळलेलं, 'अंबर'ला ओठ मिटलेले. पुढच्या व्यंजनाची जागा अनुनासिक आधीच घेऊन बसतो. ध्वनिलिपीत या चार ठिकाणी चार चिन्हं लागतात. पुढे स्पर्शव्यंजन नसेल तर आणखी गंमत. 'हंस', 'मांस', 'संस्कार' यांत मराठी माणूस सरळ 'न' म्हणत नाही, अनुनासिक 'व'सारखं काहीतरी म्हणतो. 'सिंह'चा 'सिंव्ह' होतो, 'संयम'मध्ये तोच 'य'च्या वळणाने जातो.

मग येतं शब्दाच्या शेवटचं टिंब. 'घरं', 'केलं', 'पुढचं'. नाक चिमटीत धरा आणि 'आंबा' म्हणा. आवाज अडकेल. तसंच नाक धरून 'घरं' म्हणा. काहीही अडकत नाही, कारण प्रमाण बोलण्यात तिथे अनुनासिक उरलेलाच नाही. ते टिंब सांगतं इतकंच की इथला 'अ' म्हणायचा आहे आणि जरा लांबवायचा आहे. 'घर'मधला शेवटचा 'अ' आपण म्हणतच नाही, तो 'घर्' असतो, आणि 'घर' व 'घरं' यांतला सगळा फरक त्या एका स्वरात आहे. बोलीचा प्रश्न मात्र वेगळा: चित्पावनी बोलीत अनुनासिक स्वर ठसठशीत आहेत. तिथला बोलणारा समोर असेल तर नाक चिमटून पुन्हा खात्री करा.

न म्हटलेल्या 'अ'बद्दल एवढंच, की तो मधेही गळतो. 'सरकार' म्हणजे 'सर्कार', 'सडक' म्हणजे 'सडक्', पण 'सडकेवर' झालं की 'सड्केवर'. दर व्यंजनामागे डोळे मिटून 'अ' लावत गेलात तर ते मंत्रपठण होईल, मराठी नाही.

ह्रस्व-दीर्घ: शुद्धलेखन विसरा

'दिन' आणि 'दीन' हे न्यूनतम युग्म दर वर्षी कुणीतरी देतंच. कागदावर ते आहे. पण वाक्यात, न सांगता, दोन्ही शब्द कुणाकडून तरी म्हणवून घ्या आणि तिसऱ्याला ओळखायला सांगा. बहुतेकांना ओळखता येत नाही. मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांची लांबी मुख्यतः शब्दात ते कुठे आलेत त्यावर ठरते. अर्थ बदलण्याचं काम ती क्वचितच करते. 'श' आणि 'ष'चंही तेच, बहुसंख्यांच्या तोंडी फरक नाही. 'ऋ' म्हणजे 'रु', आणि 'ज्ञ' हा स्वनिमच नाही, मराठी तोंडात तो 'द्न्य' असा जोडाक्षराचा उच्चार आहे.

उलट जे वर्णमालेत उशिरा आले ते स्वर बोलण्यात पक्के बसलेत. 'बेट' आणि 'बॅट', 'हाल' आणि 'हॉल'. मुंबईत घर घेणाऱ्याला या दुसऱ्या जोडीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. 2009 च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत घेतले, पण कुणी ते घेण्याची वाट पाहत थांबलं नव्हतं. परके म्हणून त्यांना स्वनिमांच्या यादीबाहेर ठेवू नका.

'घ' म्हणजे 'ग' अधिक 'ह' नव्हे

तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, 'प'ला ती हलत नाही, 'फ'ला हलते. प्रयोग चांगला आहे. पण तोच 'ब' आणि 'भ'वर करून 'भ म्हणजे ब आणि हवेचा झोत' असं लिहिणं चुकीचं. 'फ'मध्ये ओठ उघडल्यावर काही काळ स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा जाते. 'भ'मध्ये ते ओठ उघडायच्या आधीपासून कंप पावत असतात आणि नंतरही थांबत नाहीत, फक्त सैल होतात, त्यामुळे पुढच्या स्वराची सुरुवात श्वास मिसळलेली येते. गळ्यावर बोट ठेवून 'फार' आणि 'भार' सावकाश म्हणा, फरक बोटाला कळतो.

हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, ते एका प्रसिद्ध अभ्यासातून दिसतं. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या संशोधकांनी 1964 मध्ये 11 भाषांतली स्पर्शव्यंजनं मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंप सुरू होईपर्यंतचा वेळ, ज्याला वर्गात व्हीओटी म्हणतात, तेवढ्यावर 'ब', 'प', 'फ' असे ध्वनी सुरेख वेगळे पडले. त्या 11 भाषांत हिंदी आणि मराठीही होत्या, आणि नेमकं तिथेच हे माप अपुरं पडलं: 'ब' आणि 'भ' त्याने वेगळे करता येईनात, कारण दोन्हींत कंप आधीच सुरू असतो. तेव्हा प्रकल्पात 'ग-घ' किंवा 'द-ध'ची व्हीओटी मोजून 'फरक आढळला नाही' असं लिहायची वेळ आली तर घाबरू नका. माप चुकीचं निवडलंय. पुढच्या स्वराची सुरुवात पाहा.

याच घरातला 'न्ह', 'म्ह'. 'नाणी' आणि 'न्हाणी' हे युग्म हाताशी ठेवा. 'न्ह' हा एक स्वनिम की 'न' आणि 'ह'चा जोड, यावर दोन मतं आहेत. कोणतंही घ्या, पण कारण द्या.

बोलणाऱ्याला सुधारू नका

मुंबईत सामग्री गोळा करणं सोपं, म्हणून ती फसवीही. आगरी-कोळी बोलण्यात 'कोळी'चा 'कोली' होतो आणि 'पाणी'चं 'पानी'. विद्यार्थी ते ऐकतो आणि वहीत 'पाणी' लिहितो, वर शेरा: अशुद्ध उच्चार. शेरा तर नकोच, दुरुस्ती त्याहून नको. ज्याच्या बोलीत 'ळ' नाही त्याच्या स्वनिमांच्या यादीत तो घालायचा नाही. तुमचं 'गाल-गाळ' त्याच्यासाठी युग्मच नाही. आणि शब्दांची यादी वाचायला देऊ नका. कागद हातात आला की माणूस शाळेतला होतो आणि 'ष'सुद्धा मूर्धन्य म्हणून दाखवतो. वस्तू दाखवा, नाव विचारा, मग 'मी ___ म्हणालो' अशा ठरावीक वाक्यात तो शब्द म्हणवून घ्या.

रेकॉर्डिंग आणि प्राट: काही दिसत नसेल तर

रेकॉर्डिंगआधी पंखा आणि एसी बंद करा, खिडकी लावा, कुकरची शिट्टी होऊ द्या. फाइल वेव्ह स्वरूपात, 44,100 हर्ट्झवर ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली व्हॉइस नोट मोजमापाला घेऊ नका, ती दाबून लहान केलेली असते.

'प्राट' हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचं आवाजाचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर. त्यातल्या दोन तक्रारी नेहमीच्या. एक, 'स'चा भाग स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाची ऊर्जा कोणत्या वारंवारतेला किती, हे दाखवणाऱ्या चित्रात) जवळपास रिकामा दिसतो. 'स'ची बरीचशी ऊर्जा वरच्या पट्ट्यात असते आणि चित्र आपोआप 5,000 हर्ट्झपर्यंतच दाखवलं जातं. दृश्याची मर्यादा 10,000 करा, 'स' आणि 'श' शेजारी ठेवा, 'श'चा काळा पट्टा खाली उतरलेला लगेच दिसेल. जुन्या टेलिफोनवर साधारण 3,400 हर्ट्झच्या वरचं जातच नसे, म्हणून तिथे 'स सशाचा' असं सांगत बसावं लागे. दुसरी तक्रार, पुरुषाच्या आवाजात 'उ' आणि 'ओ'चे फॉर्मंट (ज्यांवरून स्वर ओळखू येतो ते अनुनादाचे पट्टे) वेडेवाकडे येतात. पाच फॉर्मंटसाठी मूळ मर्यादा 5,500 हर्ट्झ असते, ती प्रौढ स्त्रीच्या आवाजासाठी आहे. पुरुषासाठी 5,000 करा आणि मोजणी नव्याने घ्या. लहान मुलाचा आवाज असेल तर ती 8,000 च्या आसपास न्यावी लागते.