गाजलेले फोटो नीट कसे बघावेत

एका बैठकीत एकच फोटो घ्या आणि त्याला निदान वीस मिनिटं द्या. शेजारची माहितीची पाटी शेवटी वाचा. आधी वाचली की डोळे तिच्यात लिहिलेलंच शोधत बसतात.

सुरुवात कडांपासून. नजर चौकटीच्या काठाकाठाने फिरवा आणि कुठे काय कापलं गेलंय ते टिपून ठेवा. छायाचित्रकार डोरोथिया लँगच्या 'मायग्रंट मदर'मध्ये (१९३६) उजवीकडे खाली तंबूचा खांब दिसतो. तो धरणारा अंगठा लँगला खटकला, म्हणून पुढे निगेटिव्हवरच (ज्या उलट छटांच्या फिल्मवरून प्रिंट काढतात तिच्यावर) तो पुसट करण्यात आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या फोटोच्या मोठ्या फाइल मोफत मिळतात. मूळ आणि दुरुस्त, दोन्ही रूपं शेजारी ठेवून तो कोपरा पूर्ण आकारात बघा. पुसलेल्या जागी अंगठ्याची धूसर खूण अजून आहे.

मग झाकून बघा. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा फोटो (१९३२) यासाठी उत्तम. पाण्यावरून उडी मारणारा माणूस सगळ्यांना दिसतो. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्येही एक आकृती उडी घेतेय, तीही उलट दिशेला. ते पोस्टर कागदाच्या कपट्याने झाका आणि उडीचं वजन किती उतरतं ते बघा. मग पाण्यातलं प्रतिबिंब झाका, मग पाण्यात पडलेली शिडी. कार्तिए-ब्रेसाँ सहसा फोटो कापत नसे. इथे मात्र कुंपणाच्या फटीतून टिपताना डावीकडे फळी आली होती, ती त्याला कापावीच लागली.

पुढे छटा. फोटो उलटा धरा, डोळे किलकिले करा. वस्तू ओळखू येईनाशा होतात आणि उजेड-काळोखाचे आकार तेवढे उरतात. एडवर्ड वेस्टनच्या 'पेपर नंबर ३०'मध्ये (१९३०; इथे पेपर म्हणजे मिरची) भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली आहे. नरसाळ्याच्या आतून परतणाऱ्या उजेडामुळे मिरचीच्या सावलीतल्या बाजूही पूर्ण काळ्या पडत नाहीत. ठार काळं कुठे आहे आणि काळ्यातही तपशील कुठे आहे, हे वेगवेगळं शोधा. निगेटिव्ह ८ बाय १० इंचांची आणि प्रिंट कागद थेट तिला टेकवून काढलेला, म्हणजे जवळपास त्याच मापाचा. तेवढा कागद कापून समोर धरा. भिंतभर मोठं केलेलं चित्र इथे फसवतं.

पडदाही फसवतो. ब्राइटनेस चढा असला की सावल्या राखाडी होतात, उतरता असला की त्यातला तपशील बुडतो. पुस्तकातल्या चित्रावर १० पट भिंग धरलं तर छपाईचे ठिपके दिसतील. खऱ्या प्रिंटमध्ये असे ठिपके नसतात, असलेच तर चांदीचे अनियमित कण. संग्रहालयात उजेड मुद्दाम मंद, बहुतेकदा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. त्यामुळे पोचल्यावर दोन-तीन मिनिटं डोळ्यांना सरावू द्या. मग थोडं बाजूला सरकून तिरक्या कोनातून बघा. जुन्या सिल्व्हर प्रिंटच्या (चांदीच्या कणांनी उमटलेल्या प्रिंटच्या) काळ्या भागात, विशेषतः कडांशी, आरशासारखी निळसर चमक दिसली तर ती वर आलेली चांदी आहे. ती वयाची खूण, छायाचित्रकाराने घडवलेली नव्हे.

आता पाटी वाचा, आणि तिच्यावर दोन सालं आहेत का ते तपासा. अँसल अ‍ॅडम्सच्या 'मूनराइज, हर्नांडेझ'ची, म्हणजे हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाच्या फोटोची, निगेटिव्ह १९४१ची. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश फिकट असून ढगांचे पट्टे दिसतात. १९४८ मध्ये अ‍ॅडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला, म्हणजे प्रिंटमध्ये गाव आणि क्रूस उजळ उठून यावेत. पुढच्या प्रिंटांत आकाशही त्याने जवळपास काळं केलं. म्हणून या फोटोबद्दल मत बनवताना समोरचा प्रिंट कोणत्या सालचा, हे लिहून ठेवा. पाटीवर एकच साल असेल तर ते टिपल्याचं की छापल्याचं, हे संग्रहालयाला विचारा.