उशाशी थर्मामीटर

नौपाड्यातल्या आमच्या घरी दूधवाल्याची बेल वाजायच्या आत मी थायरॉइडचा अंदाज घ्यायला थर्मामीटर काखेत धरते. तो रात्रीच उशाशी ठेवा. उठून चार पावलं चाललात तरी आकडा बदलतो. बीप होईपर्यंत पडून राहायचं. चहा नंतर! आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहा. पाळी येत असेल तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचे आकडे धरा. बीज सुटल्यावर तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. मी मेली त्यालाच थायरॉइडच्या गोळीचा गुण समजले होते. अमेरिकेतले डॉ. ब्रोडा बार्न्स ९७.८ फॅरनहाइटखालचा आकडा मंद थायरॉइडची खूण मानत. पण झोप, एसी, सर्दी, सगळ्यांनीच तो हलतो. आकडे सतत कमी, शिवाय थकवा, केस गळणं असेल तर थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी टीएसएचची रक्ततपासणी करा. वहीवरून गोळी वाढवू नका.