लंडनला नवीन आलात आणि आर्मी रिझर्व्हमध्ये जायचंय? मग आधी ओसीआयचं बघा

इथे नवीन आलेली मुलं मंडळाच्या कार्यक्रमात भेटली की हमखास विचारतात, दादा तुम्ही वीकेंडला युनिफॉर्म घालून जाता ते काय असतं, आम्हाला घेतील का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. ओसीआय म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात ये-जा करू देणारं कार्ड, ते यात कुठे येतं तेही पुढे सांगतो.

मी १५१ रेजिमेंटमध्ये आहे, रॉयल लॉजिस्टिक कोअरची, म्हणजे सैन्याच्या पुरवठा विभागाची रिझर्व्ह ट्रान्सपोर्ट रेजिमेंट. हेडक्वार्टर क्रॉयडनला, एक स्क्वाड्रन साउथॉललाही आहे. आपल्याकडच्या टेरिटोरियल आर्मीसारखंच, नोकरी सांभाळून करायचं सैन्य. इथल्या टेरिटोरियलची सुरुवात १९०८ ची, हॉल्डेन युद्धमंत्री असतानाची. आमची रेजिमेंट १९६७ च्या फेररचनेत ग्रेटर लंडनची म्हणून उभी राहिली, तेव्हा ती रॉयल कोअर ऑफ ट्रान्सपोर्टमध्ये होती. १९९३ मध्ये ट्रान्सपोर्ट, ऑर्डनन्स, पायोनियर, केटरिंग आणि इंजिनियर्सची टपाल शाखा एकत्र करून लॉजिस्टिक कोअर केली. टेरिटोरियलचं आर्मी रिझर्व्ह हे नाव २०१४ पासूनचं.

काम काय तर दारूगोळा, पाणी, शिधा, स्पेअर पार्ट जिथे लागतील तिथे पोचवणं. आमच्या मोठ्या ट्रकला मागे हुकवाला हात असतो, ड्रायव्हर केबिनमध्ये बसूनच कंटेनरसकट अख्खा सांगाडा उचलतो नि उतरवतो. पण त्याआधी फर्स्ट परेड, म्हणजे निघण्यापूर्वीची तपासणी, तेल, लाइट, टायर, चाकांच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण असतात ते बघायचे, बाण हलला असेल तर नट सैल झालाय. पहाटे पावसात टॉर्च घेऊन प्रत्येक चाकाशी वाकायचं आणि ते कोणी टाळत नाही, या लोकांची ही शिस्त मला मनापासून आवडते. हेवी व्हेइकलचं लायसन्स सैन्याच्या खर्चाने मिळतं, बाहेर त्याला चांगले पैसे पडतात.

स्टुडंट किंवा वर्क व्हिसावर असाल तर विषय संपला, आधी आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी घ्या.

आता मुख्य गोष्ट. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही. रिझर्व्ह आहे, पार्टटाइम आहे, मी फक्त ट्रक चालवतो, या भरवशावर राहू नका. माझ्या ओळखीच्या एकाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला, उत्साहात भरती झाला आणि मग ओसीआयचा अर्ज केला, तो नामंजूर. आई सांगलीला आजारी आणि हा दरवेळी व्हिसाच्या मागे. मी हे माहीत असून, बायकोशी बोलून, ओसीआय नको असं ठरवून सही केली, तुमचं गणित वेगळं असू शकतं. गावाकडे आईवडील असतील, शेती नावावर व्हायची असेल तर आधी घरच्यांशी बोला, भारतीय हायकमिशनला लेखी विचारा, उत्तर हातात येईपर्यंत सही करू नका. भरतीवाल्यांना हे विचारून उपयोग नाही, तो त्यांचा विषयच नाही. आणि "काही होत नाही रे" म्हणणाऱ्या मित्रांचं तर अजिबात ऐकू नका.

वेळ साधारण वर्षाला २७ दिवस, आठवड्याची एक संध्याकाळ, काही वीकेंड, पंधरा दिवसांचा कॅम्प. दिवसाचा पगार मिळतो, वर्ष नीट पूर्ण केलं की करमुक्त बाउंटी, म्हणजे बक्षिसाची रक्कमही. बोलावणं आलं तर नोकरीला १९८५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, तरी मॅनेजरला आधीच सांगा. शाकाहारी रेशन पॅक मिळतो.

आपली माणसं म्हणतील, इंजिनियर होऊन ट्रक चालवतोस? म्हणू द्या. दहा-दहा वर्षं राहून ऑफिस आणि मंडळ सोडून एका इंग्रज घरात चहाला न गेलेले लोक मी पाहिलेत. इथे पहिल्याच कॅम्पला प्लंबर, शिक्षक, बसड्रायव्हर शेजारी झोपतात आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान कॉर्पोरल तुम्हाला शिकवतो, तेव्हा मान खाली घालून शिका.

दम्याचा जुना त्रास असेल तर मेडिकलला लपवू नका. बाकी ओसीआयचं उत्तर आलं की मला कळवा, सेंटरला पहिल्यांदा जाताना मी सोबत येईन.