नव्या पिलांची घरच्या मांजरीशी डालग्याआडून ओळख

धान्याच्या पोत्यांना उंदीर लागतात म्हणून मांजरीची पिले आणली जातात. परंतु पहिल्याच दिवशी ती घरच्या मांजरीपुढे सोडल्यास ती फिस्कारते, पंजा मारते आणि कधी कधी स्वतःच घर सोडून गोठ्यात राहू लागते. आमच्याकडे पुढील क्रम उपयोगी पडला.

१. पिले ८ आठवड्यांची झाल्यावरच आईपासून आणावीत आणि पहिला आठवडा वेगळ्या खोलीत ठेवावीत. उन्हाळ्यात मात्र टिनाच्या खोलीत मुळीच कोंडू नयेत.

२. पिलांच्या अंगावरून फिरवलेले जुने लुगड्याचे फडके मांजरीच्या जेवणाजवळ ठेवावे आणि तिच्या अंथरुणाचे फडके पिलांकडे न्यावे. मांजर दुसऱ्या मांजरीला मुख्यतः वासाने ओळखते. म्हणून ही पायरी गाळू नये.

३. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाऊ घालावे.

४. मग कोंबड्या झाकण्याचे बांबूचे डालगे पिलांवर पालथे घालून वर वजन ठेवावे आणि मांजरीला तिच्या मर्जीने जवळ येऊ द्यावे. आधी ५ मिनिटे पुरेत. ती शांतपणे हुंगून निघून जाऊ लागली, की डालगे उचलावे, परंतु आपण तिथेच बसून राहावे.

फिस्कारणे स्वाभाविक आहे, त्यासाठी तिला रागावू नये. मात्र ती कान मागे पाडून, दबा धरून पिलांकडे एकटक पाहू लागली, तर पुन्हा दाराआड न्यावे.