पावसाळी फेरीत अळंबी टिपताना

कोकणात मृगाच्या सरी स्थिरावल्या, की बागेतल्या हिरवळीवर, जांभ्याच्या गडग्यालगत आणि कुजलेल्या ओंडक्यांवर अळंबी उगवू लागते. तिची ओळख पटवायची असेल, तर वरून काढलेले एकच छायाचित्र पुरत नाही; मोबाइल जमिनीलगत धरून छत्री, तिच्याखालचे पडदे, देठावरचे कडे आणि मातीत शिरलेले बूड यांचे वेगवेगळे फोटो घ्यावेत, शेजारी मापासाठी नाणे ठेवावे आणि ती माती, शेण, लाकूड की वारूळ यांपैकी कशावर उगवली आहे, हेही टिपून ठेवावे. फ्लॅशने रंग बदललेले दिसतात, म्हणून ढगाळ उजेडच बरा.

यानंतरची बीजाणूंची, म्हणजे ज्यांतून नवी अळंबी उगवते त्या सूक्ष्म कणांची, चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. एक छत्री देठापासून अलगद सोडवून, पडद्यांची बाजू खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि रात्रभर वाटीने झाकावी. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. हिरवळीवर वाढणाऱ्या विषारी क्लोरोफिलम मॉलिब्डायटिसचा ठसा हिरवट असतो, तर वारुळावरच्या खाद्य टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर. कोवळेपणी मात्र दोन्हींचे पडदे पांढरेच दिसतात. त्यामुळे केवळ छायाचित्राच्या भरवशावर कोणतीही अळंबी खाऊ नये.