ट्रकच्या अपघातात जखमी झाल्यावर भरपाईचा दावा कसा उभा करावा

अपघातानंतर जखमीचे घरचे लोक दवाखान्यात अडकलेले असतात आणि ट्रकमालक गाडी सोडवण्याच्या मागे लागलेला असतो. ट्रक एकदा सुटला की दिवे दुरुस्त होतात, मागे नव्या परावर्तक पट्ट्या चिकटतात आणि मोठा पुरावा हातचा जातो. म्हणून गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असतानाच घरातल्या एकाने तिचे फोटो काढावेत. नंबर प्लेट, टायरची झीज, मागचे दिवे, पट्ट्या आणि मागून आदळलेले वाहन ट्रकखाली घुसू नये म्हणून बसवलेला आडवा लोखंडी बार, हे सगळे फोटोत आले पाहिजे.

रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर दुचाकी आदळली असेल, तर हे फोटो निर्णायक ठरतात. विमा कंपनी हमखास म्हणते की मागून धडकणाऱ्याचीच चूक. भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने तुमच्याकडे 30 टक्के चूक धरली, तर भरपाईही तेवढीच कापली जाते. पंचनाम्यात ट्रक डांबरावर किती फूट आत उभा होता, इंडिकेटर चालू होता का, याची नोंद आहे का ते वाचा. नसेल तर पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जादा मालाचा संशय असल्यास बिल्टी (माल वाहतुकीची पावती), ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती ताब्यात घेण्याची मागणीही त्याच अर्जात करा.

दवाखान्यातली पहिली नोंद नीट पाहा. घाईत ‘गाडीवरून पडला’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे ट्रकचा संबंध सिद्ध करताना दमछाक होते. केंद्राच्या 2025च्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. दाखल होतानाच विचारा.

1 एप्रिल 2022पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा अहवालच दावा म्हणून धरता येतो. तरी त्याच्या भरवशावर बसू नका. कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी आपला अर्ज मुदतीतच गेलेला बरा. अपघात पुण्याजवळ झाला आणि तुम्ही बीडचे असाल, तर बीडमध्येही दावा दाखल करता येतो.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा करायचा ते, म्हणून चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी हवेतच. मालकाने ट्रक विकला, पण आरसी बुकावर नाव त्याचेच राहिले, तर जबाबदारीही त्याचीच राहते. ट्रेलर असेल तर पुढच्या हॉर्सचा (ओढणाऱ्या इंजिनाच्या भागाचा) आणि मागच्या ट्रेलरचा नंबर वेगळा असतो, विमाही वेगळा असू शकतो, दोन्ही तपासा. दोन वाहनांच्या चुकीने तिसरा जखमी झाला असेल, तर त्याला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते.

चालकाचा परवाना खोटा होता किंवा गाडीला परमिट नव्हते, असे सांगून कंपनी हात वर करते. अशा वेळी ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश मागा. ट्रकबाहेरच्या जखमीला तो बहुधा मिळतो. मालवाहू टेम्पोत बसलेल्या वऱ्हाडाचे मात्र हाल होतात. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात बसतो, फुकट किंवा भाडे देऊन बसलेला प्रवासी बसत नाही. त्याला बहुतेक वेळा मालकाकडूनच वसुली करावी लागते.

आता रकमेचे गणित, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. 38 वर्षांचा गवंडी, महिना 15,000 रुपये कमाई. स्वयंरोजगार आणि वय 40च्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून 21,000. वर्षाचे 2,52,000. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा ठरलेला आकडा, 15, म्हणजे 37,80,000. प्रमाणपत्रावर पायाचे अपंगत्व 40 टक्के असेल आणि तोच आकडा धरला, तर 15,12,000 होतात. पण परांचीवर चढणेच बंद झाल्याने कमाईची क्षमता 60 टक्के गेली हे सिद्ध केले, तर 22,68,000. अवयवाचा टक्का आणि कमाईचा टक्का वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवाच आणि रुग्णाला कोणते काम आता जमणार नाही, हे त्यांच्या तोंडून नोंदवून घ्या. उपचाराचा खर्च, वेदना, मदतनीस आणि पुढची शस्त्रक्रिया यांचे पैसे याव्यतिरिक्त मिळतात. कमाईला बँक पासबुक, ठेकेदाराचा हजेरीपट, बांधकाम कामगार नोंदणी, जे असेल ते जोडा.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात.

वकिलाने भरपाईच्या टक्क्यांत फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधीच लेखी ठरवा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसते. हाड जुळायचे आहे, रॉड काढायचा आहे अशा अवस्थेत आलेला प्रस्ताव अपंगत्वाचे अंतिम प्रमाणपत्र हाती येईपर्यंत थांबवा.